चौघांचा वेग एकच

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली. अचलपूर तालुक्यातील चार तरुणांनी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर होणाऱ्या पाच दिवसांच्या साहस-शर्यतीत उतरायचे ठरवले आहे आणि त्यांचे पत्र त्यांत सर्वांत लांब आहे. भंडारा, अमरावती व गोंदिया जिल्ह्यांतून आलेली बाकीची पत्रेही लांबची पायपीट, नदीप्रवास आणि रानातील मुक्काम यांविषयीच आहेत. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही चौघे अचलपूर तालुक्यातील आहोत. दोघे शेती करतो, एक जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि आमची एक मैत्रीण ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. पुढच्या फेब्रुवारीतील शर्यतीत डोंगर चालणे, सायकल, कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी नाव) आणि नकाशावरून वाट शोधणे हे सारे दिवसरात्र सलग करायचे आहे. आमच्यापैकी दोघे दहा किलोमीटर धावतात, सायकल चौघांनाही येते, कयाक मात्र कोणी डोळ्यांनीही पाहिलेली नाही. आता जून सुरू आहे. आठ महिन्यांत तयारी होईल का?

उत्तर : होईल, असे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे, मात्र 'तयारी' या शब्दाचा अर्थ आधी नीट ठरवून घ्यावा लागेल. या खेळाची घडणच न्यूझीलंडमध्ये झाली. तेथे १९८३ साली दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत २४३ किलोमीटर धावत, सायकलवर आणि कयाकमधून जाण्याची शर्यत सुरू झाली आणि १९८९ साली अनेक दिवस चालणारी सांघिक शर्यतही तेथेच प्रथम झाली. अशा शर्यतीत आज सामान्यतः चौघांचा मिश्र संघ असतो, चौघांनी सतत एकमेकांच्या जवळ राहायचे असते आणि एकाने जरी शर्यत सोडली तरी संघ क्रमवारीतून बाद होतो. म्हणून 'आमच्यापैकी दोघे दहा किलोमीटर धावतात' हे तुमच्या पत्रातील वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. उरलेले दोघे किती चालतात हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि तुमच्या संघाचा वेग त्या न लिहिलेल्या आकड्यावर ठरणार आहे.

तेव्हा सुरुवात येथून करा. येत्या रविवारी चौघांनी मिळून पाठीवर प्रत्येकी पाच किलो ओझे घेऊन सहा तास चालावे, धावू नये, आणि शेवटच्या तासात कोण गप्प झाले, कोण मागे राहू लागले, कोणाची चिडचिड वाढली, हे घरी आल्यावर त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवावे. ही वही पुढचे आठ महिने चालू राहिली पाहिजे, कारण घड्याळावरील आकड्यांपेक्षा तुमच्या संघाविषयी अधिक खरी माहिती तीच देईल.

पहिले तीन महिने वेगाचा विचार मनात आणू नका. बोलता बोलता करता येईल एवढ्याच श्रमाने चालणे, सावकाश धावणे आणि सायकल चालवणे, हे आठवड्यातून चार ते पाच दिवस करावे आणि एकूण वेळ दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. दर चौथ्या आठवड्याला तो निम्म्यावर आणावा. तुमच्यापैकी दोघे शेतकरी आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. दिवसभर डवऱ्यामागे चालणे हा व्यायामच आहे आणि तो वहीत तासांसह लिहिला गेला पाहिजे. डवरणीच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा धावायला जाणारा माणूस जिद्दी दिसतो खरा, पण महिन्याभरात त्याचाच गुडघा धरतो. फवारणीच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र कोणताही व्यायाम करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. घामाने भिजलेल्या आणि तापलेल्या अंगातून औषध अधिक वेगाने आत जाते.

सोयाबीनची काढणी आटोपली की लांब सत्रे सुरू करावीत. तुमच्या दाराशी परतवाडा–चिखलदरा घाट आहे आणि त्याची सर विदर्भातील दुसऱ्या कोणत्याही रस्त्याला येणार नाही, कारण तेथे सुमारे सातशे मीटरची चढाई एका दमात मिळते. सायकलने वर जा, वर सायकल ठेवून गाविलगडाच्या परिसरात तीन-चार तास चाला आणि मग सायकलने खाली या. मांड्यांची खरी परीक्षा उतारावर होते, चढावर नव्हे. पायी उतरण्याचा सराव ज्यांनी केलेला नसतो त्यांचे पाय दुसऱ्या दिवशी पायरी उतरतानाही थरथरतात. एक सूचना कळकळीने करतो. मेळघाट हा १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय आतल्या वाटांवर सराव करणे बेकायदेशीर आहे आणि पहाटे किंवा रात्री अस्वलाशी गाठ पडली तर जिवावर बेतते. रात्रीचा सराव गावाजवळच्या पांदण रस्त्यांवर करावा.

याच काळात दोरी लावून ओढण्याचा सराव सुरू करा. जुन्या सायकलची रबरी ट्यूब कापून एक टोक पुढच्याच्या सायकलला आणि दुसरे मागच्याच्या सायकलच्या पुढच्या भागाला अडकवले की चढावर बळकट माणूस थकलेल्याला आपल्याबरोबर घेऊ शकतो. चालताना हीच दोरी कमरेच्या पट्ट्याला लावतात. ही युक्ती उत्तमातले उत्तम संघ वापरतात. आपल्याकडे तिचा संकोच वाटतो, स्वतःची पिशवी दुसऱ्याच्या हाती देणे अनेकांना कमीपणाचे वाटते, म्हणून ती घाटात, थकवा आलेला नसतानाही, आलटून पालटून चौघांवर करून पाहावी. सर्वांत बळकट माणसालाही एकदा ओढून घ्या.

सायकलीची दुरुस्ती चौघांनाही आली पाहिजे. बाभळीच्या काट्यांनी तुम्हाला पंक्चर काढायला आधीच शिकवले असेल. त्यात तुटलेली साखळी जोडणे, मागचा गिअर ज्यावर बसतो तो वाकलेला धातूचा कान बदलणे आणि पेटीत बंद करून पाठवलेली सायकल अंधारात, बोटे गारठलेली असताना, पुन्हा जोडणे यांची भर घाला. कयाकविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे, ते तुम्हीही वाचा.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात राहतो. आम्हा मित्रांना वैनगंगेतून कयाकने आठवडाभराचा प्रवास करायचा आहे. गावात मासेमारांचे डोंगे आहेत, कयाक नाही. डोंग्यावर सराव करून पुढे कयाक चालवता येईल का? आणि पावसाळ्यात पाणी भरपूर असते, तेव्हाच निघावे का?

उत्तर : पावसाळ्यात निघू नये. हे आधी लिहितो, कारण बाकीचे सारे यानंतरचे आहे. वैनगंगा पुरात असताना तिच्यात उन्मळून आलेली झाडे वाहत असतात, काठाची झुडपे पाण्याखाली जातात आणि त्यांच्या फांद्यांतून पाणी निघून जाते, पण माणूस अडकून राहतो. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्यावर खालची पातळी किती झपाट्याने चढते, हे तुमच्या तालुक्याला मी सांगायला नको. दिवाळीनंतर पाणी निवळते, तेव्हा निघा आणि निघण्यापूर्वी धरणावरील अधिकाऱ्यांना मार्ग व तारखा लेखी कळवा.

कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आणि नदीतील ठेंगण्या भिंती यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण वरून पाहताना त्या निरुपद्रवी दिसतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका बंधाऱ्यावर ढिवर समाजातील एका वयस्क मासेमाराने मला थांबवले आणि पळसाचे एक वाळलेले पान पाण्यात टाकले. पान भिंतीवरून खाली गेले, बुडाले, दहा-बारा हात पुढे वर आले आणि मग प्रवाहाच्या उलट दिशेने सावकाश मागे येऊन पुन्हा भिंतीखाली गेले. असे ते किती वेळा फिरले याची मोजणी मी सोडून दिली. "इथून पान नाही सुटत, तं माणूस कसा सुटन?" एवढेच ते म्हणाले. भिंतीवरून पडणारे पाणी खाली गोल फिरत राहते आणि लाइफ जॅकेट घातलेल्या, चांगले पोहणाऱ्या माणसालाही ते भिंतीकडे ओढत राहते. म्हणून नकाशावर आणि गावोगावी विचारून प्रत्येक बंधाऱ्याची जागा आधी नोंदवा, त्याच्या बरेच अलीकडे काठाला लागा आणि नाव खांद्यावरून वाहून पुढे न्या.

आता डोंग्याविषयी. डोंग्यावर तोल आणि पाणी वाचणे शिकता येते आणि या दोन गोष्टी कयाकमध्ये निम्म्याहून अधिक कामाच्या आहेत. फरक आहे तो बसण्यात आणि वल्ह्यात. कयाकमध्ये पाय पुढे पसरून तळाशी बसायचे असते, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात आणि जोर दंडातून न काढता कमरेपासून अंग वळवून काढायचा असतो. जो केवळ दंडाने ओढतो त्याचे खांदे चौथ्या तासाला भरून येतात. घरी स्टुलावर बसून, हातात बांबू धरून, आरशासमोर कंबर वळवण्याचा सराव रोज दहा मिनिटे केला तरी पुढे फार उपयोग होतो. दोन-तीन जणांत मिळून एक जुनी कयाक घ्या आणि सराव नदीत न करता तुमच्या भागातील एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावात करा. मात्र हे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, काहींत शिंगाडा लावलेला असतो, त्यामुळे संस्थेला विचारूनच उतरावे. पहिल्याच दिवशी काठाजवळ, छातीइतक्या पाण्यात, मुद्दाम नाव उलटी करून बाहेर येणे आणि ती पुन्हा सरळ करून आत चढणे हे दहा वेळा करा. लाइफ जॅकेट शेवटच्या बंदापर्यंत बांधलेले असावे आणि दोन्ही खांद्यांना धरून वर ओढले तर ते कानांपर्यंत सरकता कामा नये.

नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तेथून वैनगंगेत येते, त्यामुळे तुमच्या बाजूचे नदीचे पाणी उकळून किंवा गाळूनही पिण्यावर भिस्त ठेवू नये. गावांतून विहिरीचे वा नळाचे पाणी भरून घ्यावे. अंगावर जखम असल्यास ती पाणी लागणार नाही अशी झाकावी.

प्रश्न : मी चिखलदऱ्याजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. अशा शर्यतींत मोबाइल आणि जीपीएस वापरू देत नाहीत, असे ऐकले. आमच्या मुलांना आणि मलाही केवळ नकाशा व होकायंत्र यांवर रात्री वाट काढणे शिकायचे आहे. ते कसे शिकावे?

उत्तर : आपले पत्र वाचून मनापासून आनंद झाला. नकाशाच्या विद्येशी विदर्भाचा संबंध जुना आहे. ज्या विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, तो काम करीत करीत १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारला आणि त्याची कबर आजही तेथे आहे. मुलांची सहल एकदा अवश्य तेथे न्यावी.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणावरील नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. या प्रमाणावर नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर, आणि डोंगराळ भागात दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये, सामान्यतः २० मीटर उंचीचा फरक असतो. शिकण्याचा क्रम मी असा ठेवीन. पहिल्या महिन्यात होकायंत्राला हात लावू नये; केवळ नकाशा घेऊन ओळखीच्या टेकडीवर बसावे आणि समोर दिसणारी प्रत्येक सोंड, प्रत्येक नाला आणि प्रत्येक खिंड रेषांमध्ये शोधावी. समोच्च रेषांचा बाण चढाकडे वळला की तो नाला आणि उताराकडे वळला की ती सोंड, हे मुलांच्या डोळ्यांत बसले पाहिजे. दुसऱ्या महिन्यात पावले मोजावीत. सपाट पांदणीवर शंभर मीटरला आपली किती दुहेरी पावले (एकाच पायाची मोजलेली) होतात हे प्रत्येकाने काढावे. मोठ्या माणसाची साधारण साठ ते पासष्ट होतात, चढावर आणि रात्री वाढतात. त्यानंतर होकायंत्र हाती द्यावे आणि अंधाऱ्या रात्री, शेताच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत, दिशा आणि पावले यांवरच पोचण्याचा खेळ खेळावा. मुले ज्या रात्री चुकतील त्या रात्रीच ती सर्वाधिक शिकतील. फक्त त्यांनी चूक कोठे झाली ते नकाशावर बोट ठेवून सांगितले पाहिजे. रात्री पायांत बूट आणि हातात काठी असावी, कारण घोणस आणि मण्यार या दोघी मुख्यतः रात्री फिरतात.

अचलपूरच्या चौघांनीही पुढचे लक्षपूर्वक वाचावे. आपल्या भागात होकायंत्राची सुई आणि खरी उत्तर दिशा यांत एका अंशाचाही फरक पडत नाही, त्यामुळे विदर्भात शिकलेला माणूस चुंबकीय फरकाचे गणित करायला शिकतच नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर हाच फरक सुमारे २३ ते २५ अंश पूर्वेकडे असतो. तो ध्यानात न घेता एक किलोमीटर चालल्यास आपण चारशे मीटरहून अधिक बाजूला गेलेले असतो, आणि डोंगरात चारशे मीटर म्हणजे दुसरी दरी. नकाशावर मोजलेल्या खऱ्या दिशेतून तेवढे अंश वजा करून होकायंत्रावर चालायचे असते. येथील शेतात बसूनही हा सराव होतो: फरक २४ अंशांचा आहे असे समजून एकाने कोन बदलून द्यावेत आणि दुसऱ्याने ते दुरुस्त करून चालावे. शिवाय उत्तर गोलार्धासाठी बनवलेल्या होकायंत्राची सुई दक्षिणेकडे एका बाजूला झुकून तळाला घासते, म्हणून तेथे चालणारे किंवा जगभर चालणारे होकायंत्र घ्यावे.

आणखी एक गोष्ट, जी रानात वाढलेल्या माणसालाच अधिक फसवेल. लहानपणापासून आपण दिशा ध्रुवताऱ्यावरून धरतो. तेथे ध्रुवतारा क्षितिजाखाली असतो. भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो आणि मृग नक्षत्र उलटे दिसते. तेथील लोक दक्षिण दिशा त्रिशंकू या तारकासमूहावरून धरतात, जो त्या बेटावरून वर्षभर मावळत नाही. तोच त्रिशंकू आपल्याला एप्रिल-मे महिन्यांत रात्री दक्षिण क्षितिजाला टेकलेला दिसतो. अंगणात बाज टाकून झोपण्याचे दिवस तेच असल्यामुळे, पुढच्या वर्षी जे जाणार असतील त्यांनी त्याची ओळख तेव्हाच करून ठेवावी. तुम्हा चौघांचा हा उन्हाळा मात्र गेला. तुम्ही आकाशाच्या नकाशावरून त्याचा आकार पाठ करा.

प्रश्न : माझी मुलगी अचलपूरच्या त्या संघात आहे. परिचारिका आहे, धीट आहे, तिला अडवायचे नाही. पण पाच दिवस तीन मुलांबरोबर रानात, झोप नाही, घरचे जेवण नाही, थंडीची सवय नाही. आईने काय समजायचे?

उत्तर : काकू, आपली काळजी पूर्णपणे रास्त आहे आणि मुलीला न अडवण्याचा आपला निर्णय मोठा आहे. पहिली गोष्ट, या खेळात मुलगी ही नियमापुरती घेतलेली चौथी व्यक्ती नसते. २०१९ साली फिजी बेटांवर ६६ संघांची ६७१ किलोमीटरची शर्यत झाली, तेव्हा भारताच्या संघाचे नेतृत्व ताशी आणि नुंग्शी मलिक या जुळ्या बहिणींनी केले होते. अनेक दिवसांच्या शर्यतीत सुरुवातीला जोरात धावणारा माणूस क्वचितच टिकतो. टिकते ते वेळेवर खाणारे, वेळेवर बोलणारे माणूस. आपली मुलगी रात्रपाळी करते, म्हणजे पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीर कसे मंदावते आणि तरी हात कसा अचूक ठेवावा लागतो, हे त्या चौघांत तिलाच सर्वांत चांगले ठाऊक आहे. रात्रीचे ओलित करणाऱ्या दोघांना जागरणाची सवय असेल, पण जागे राहणे निराळे आणि जागे राहून नीट निर्णय घेणे निराळे.

झोपेविषयी माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या रात्रीपासून रोज निदान दीड-दोन तास चौघांनी एकाच वेळी झोपावे. तिसऱ्या रात्री न झोपलेल्या माणसाला झाडांच्या जागी माणसे दिसू लागतात. हे वेडाचे लक्षण नसून थकलेल्या मेंदूचे आहे, आणि त्यावर झोपेशिवाय दुसरा उपाय नाही. घरी महिन्यातून एकदा शनिवारी रात्रभर चालण्याचा सराव करावा, त्याहून अधिक नको. त्यानंतरच्या दिवशी कोणीही दुचाकी चालवू नये, ही अट आपण आई म्हणून घाला.

खाण्यात आपला हात सर्वांत अधिक लागणार आहे. चालताना दर तासाला दोनशे ते तीनशे कॅलरी पोटात जायला हव्यात आणि गोड खाऊन तोंडाला वीट आल्यावरही त्या जाव्या लागतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्याच्या चिक्कीत साडेचारशे ते पाचशे कॅलरी असतात. तिच्या जोडीला सातूचे पीठ, फुटाणे, तिळाची पोळी आणि तिखटमिठाची खमंग पुरी, असे गोड आणि खारट आलटून पालटून सरावात द्या आणि सातव्या-आठव्या तासाला मुलीच्या हातून कोणता डबा परत येतो ते पाहा. जो परत येतो तो बाद. पाणीही नुसते घटाघट पिऊ नये, कारण घामावाटे मीठ जात असताना साधेच पाणी ढोसल्यास रक्तातील सोडियम घसरते आणि माणूस गोंधळतो, ओकतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जीवनजल आपली मुलगी रोजच इतरांना सांगत असेल.

थंडीविषयीची आपली शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नवतप्याचे ऊन सोसणारी आपली माणसे थंड पावसाला भीत नाहीत, कारण तो त्यांनी अनुभवलेलाच नसतो. तेथे उन्हाळ्यातही डोंगरात आठ-दहा अंश तापमानात वाऱ्यासह पाऊस येतो आणि ओले सुती कपडे घातलेला माणूस तासाभरात गारठू लागतो. तो अडखळतो, बोलणे जडावते, बोटांनी चेन लागत नाही, विनाकारण रागावतो. आणि 'मला काही झाले नाही' असेही तोच सांगतो. यातील एक जरी लक्षण दिसले तरी त्याचे मत न विचारता चौघांनी थांबावे, ओले कपडे काढून कोरडे लोकरीचे घालावेत, वारा अडवावा, गोड गरम काहीतरी द्यावे. अंगात एकही सुती कपडा नको, बनियनसुद्धा नको. हे चौघांनाही आपण माझ्या वतीने सांगा, आईचे ऐकतात.

तेथील नद्यांविषयीही सांगून ठेवतो. एकोणिसाव्या शतकात त्या देशात नदीत बुडून इतकी माणसे जात की बुडण्यालाच 'न्यूझीलंडचा मृत्यू' म्हणत. नदी ओलांडताना चौघांनी एकमेकांना घट्ट धरून, प्रवाहाला समांतर रांग करून, बळकट माणसाला वरच्या बाजूला ठेवून उतरावे. पाणी गढूळ असेल, त्यातून लाकडे येत असतील किंवा तळाचे दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर ओलांडू नये. आपल्या नाल्याच्या पुरासमोर जसे थांबता, तसेच थांबावे.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातील आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभे राहून माझ्या पायांना दरवर्षी चिखल्या होतात. दिवाळीनंतर मैत्रिणींबरोबर सहा दिवसांच्या पदयात्रेला जायचे आहे, वाटेत नाले आहेत. पाय टिकतील का?

उत्तर : आपण पायांविषयी विचारलेत, हे फार बरे झाले. इतर सारे जण फुप्फुसांविषयी आणि मांड्यांविषयी विचारतात.

एक प्रसंग सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सातपुड्यातील तीन दिवसांच्या पायपिटीत पहिल्याच दुपारी माझ्या उजव्या टाचेला चुरचुरू लागले. पुढे चार जण जोमाने चालले होते, त्यांना थांबवणे मला प्रशस्त वाटले नाही. रात्री मोजा काढला तेव्हा टाचेवर रुपयाएवढा फोड होता. सकाळी तो फुटलेला होता आणि मोजा त्याला चिकटला होता. दुसऱ्या दिवशी माझे ओझे दोघांनी वाटून घेतले, तिसऱ्या दिवशी सगळेच जण माझ्या लंगडण्याच्या वेगाने चालले आणि ठरलेला डोंगर न चढताच आम्ही परत आलो. चुरचुरले त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावायला तीन मिनिटे लागली असती.

चिखल्या झालेली कातडी मऊ असते आणि मऊ कातडीला फोड लवकर येतात, म्हणून आधी त्या पूर्ण बऱ्या करा; बोटांच्या बेचक्यांतील खाज आणि भेगा राहिल्या असतील तर बुरशीवरचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने पुरेसे दिवस लावा. बूट नेहमीपेक्षा अर्धा क्रमांक मोठे घ्यावेत, कारण दिवसभर चालल्यावर पाय सुजतात, आणि निघण्यापूर्वी ते निदान शंभर किलोमीटर पायात असलेले असावेत. नखे दोन-तीन दिवस आधी सरळ कापावीत. वाटेत नाले ओलांडून पाय ओले होणारच, ते टाळता येत नाही. पण रात्री ते कोरडे झालेच पाहिजेत. पाय पुसून, अर्धा तास उघडे ठेवून, केवळ झोपण्यासाठी राखलेले कोरडे मोजे घालावेत. ते मोजे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा आणि दिवसा काहीही झाले तरी वापरू नका. पाय पांढरे पडून सुरकुतले आणि मुंग्या येऊ लागल्या, तर एक दिवस मुक्काम वाढवा.

प्रश्न : (अचलपूरच्या संघाच्या पत्रातीलच शेवटचा) विमानाने जाताना सामानात काय नेऊ नये?

उत्तर : चुलीची गॅसची नळकांडी विमानात चालत नाहीत, ती तेथे विकत घ्या. पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल हातातील पिशवीत ठेवा. संकटकाळी उपग्रहामार्फत सुटका पथकाला इशारा देणारे यंत्र तेथे भाड्याने मिळते. येथून उपग्रह-संदेशाचे उपकरण नेण्या-आणण्याच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडे त्याला सरकारी परवानगी लागते. ताजी फळे, मध आणि पेरता येईल असे बी अजिबात नेऊ नका. आपल्या भागाची संत्रीसुद्धा नाही. दुधाचे पदार्थही घरीच राहू द्या. घरची चिक्की, सातू वगैरे जे काही नेणार असाल त्यातील प्रत्येक वस्तू त्या देशाच्या प्रवेश-अर्जावर जाहीर करावी लागते, लपवल्यास ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड तेथल्या तेथे होतो. त्या देशाला बाहेरची माती आणि जंतू यांचे फार भय आहे, म्हणून वापरलेले बूट, तंबू आणि सायकलीही जाहीर कराव्या लागतात. आपली काळी माती बुटाच्या तळाच्या खाचांत सिमेंटसारखी बसते; ती आधी भिजवून, जुन्या टूथब्रशने आणि बाभळीच्या काट्याने कोरून काढा, बूट दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि ते आरशासारखे स्वच्छ झाले असले तरी अर्जावर 'होय' असेच लिहा.